ओठ ज्याचा, पसंत त्याची : ट्रम्पेटच्या माउथपीसची गोष्ट

मागच्या भागात आपण बिगुलाबद्दल बोललो. त्यानंतर बेळगावहून एका श्रोत्याचं पत्र आलं. त्यांची मुलगी शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते. सर एक माउथपीस सांगतात, दुकानदार दुसराच पुढे करतो आणि मुलीच्या मैत्रिणीकडे तिसराच आहे. शेवटी त्यांनी लिहिलंय, ‘साहेब, तुम्ही फौजेत बँड सांभाळलाय. तुम्हीच काय तो एक नंबर सांगा.’

नंबर मी सांगणार नाही. का सांगणार नाही, हे सांगायला मात्र आजचा पूर्ण भाग लागेल. त्यात इजिप्तचा एक राजा आहे, व्हिएन्नाजवळचा एक इंजिनिअर आहे आणि एक माझी स्वतःची चूक आहे. ती मी आजवर फारशी कुणाला सांगितलेली नाही.

आधी वस्तू ओळखून घेऊ. माउथपीस म्हणजे ट्रम्पेटच्या तोंडाशी बसवायचा, बोटाएवढ्या लांबीचा पितळी तुकडा. त्यावर बहुधा चांदीचा मुलामा असतो. ओठ टेकतो तो गोल काठ म्हणजे रिम. काठाच्या आत छोटी वाटी, म्हणजे कप. वाटीच्या तळाशी बारीक भोक, त्याला थ्रोट म्हणतात. त्यापुढे हळूहळू रुंद होत जाणारी नळी. झालं, एवढंच. पण लक्षात घ्या, ट्रम्पेटमध्ये बासरीसारखी फट नाही की सनईसारखी पत्ती नाही. इथे थरथरतात ते वाजवणाऱ्याचे ओठ. सनईवाला पत्ती बदलू शकतो, ट्रम्पेटवाला ओठ बदलू शकत नाही. म्हणून तो माउथपीस बदलतो.

वाटी उथळ असली की आवाज चमकदार, धारदार होतो आणि वरचे सूर जरा सोपे जातात. वाटी खोल असली की आवाज भरदार, मऊ होतो. वाटीचं तोंड रुंद असेल तर ओठाचा जास्त भाग आत येतो, आवाज मोठा मिळतो, पण ओठ लवकर थकतात. काठ रुंद आणि गोलसर असला तर ओठाला आराम, काठाची कड तीक्ष्ण असली तर सुराची सुरुवात स्वच्छ. म्हणजे एका हाताने काही मिळतं आणि दुसऱ्या हाताने काही जातं. सगळंच देणारा माउथपीस अजून कुणी बनवलेला नाही.

आता इतिहासाकडे वळू. १९२२ साली हॉवर्ड कार्टर यांना तुतनखामेनची कबर सापडली. त्यात दोन तुताऱ्या होत्या, एक चांदीची आणि एक तांब्याच्या मिश्रधातूची. चांदीची साधारण ५८ सेंटीमीटर लांब. १९३९ च्या एप्रिलमध्ये बीबीसीने कैरोच्या संग्रहालयातून या तुताऱ्यांचा आवाज जगाला ऐकवला. वाजवणारा फौजी होता, ब्रिटिश सैन्याच्या ११ व्या हुसार पलटणीचा बँड्समन जेम्स टॅपर्न. तीन हजार वर्षांहून जुना आवाज आपण ऐकतोय म्हणून लोक रेडिओला कान लावून बसले होते.

पण यात एक गोम आहे. त्या तुताऱ्यांना वेगळा माउथपीस नव्हताच. नळीच्या टोकाला नुसता कडीसारखा काठ होता. टॅपर्नने त्यात विसाव्या शतकातला माउथपीस बसवून वाजवलं. प्रक्षेपणाआधीच्या खटाटोपात चांदीची तुतारी फुटली आणि तिची दुरुस्ती करावी लागली. पुढे अभ्यासकांनी मूळ काठावर ओठ ठेवून पाहिलं, तेव्हा त्यातून कामाचे असे अगदी मोजकेच सूर निघाले. म्हणजे १९३९ साली जगाने जे ऐकलं त्यात तुतारी फॅरोची होती, पण तोंड टॅपर्नचं होतं. वाद्याचा आवाज कुठे ठरतो, हे यावरून समजावं.

आपल्याकडची तुतारी आठवा. मी पाहिलेल्या तुताऱ्यांचं तोंड नळीलाच पक्कं जोडलेलं असतं. तुतारीवाल्याला पसंत-नापसंत विचारायची सोयच नाही. मिळेल त्या तोंडाशी ओठ जुळवून घ्यायचे. युरोपात मात्र माउथपीस वाद्यापासून वेगळा झाला आणि पसंतीची गोष्ट तिथून सुरू झाली.

सतराव्या-अठराव्या शतकात जर्मन मुलखात तुतारीवाल्यांचा मोठा मान होता. १६२३ साली सम्राट दुसऱ्या फर्डिनांडने त्यांच्या संघाला सनद दिली. दरबारात आणि घोडदळात तुतारी कोणी वाजवायची, शिकाऊ मुलं किती ठेवायची, यावर त्यांचा अधिकार असे. त्या तुताऱ्यांना दाबायच्या कळा नव्हत्या. सगळे सूर ओठांनीच काढायचे. त्यामुळे कामाची वाटणी झाली होती. वरच्या पट्टीत वाजवणारे वेगळे, खालचे दणकट सूर वाजवणारे वेगळे. वरच्यांचा माउथपीस उथळ, खालच्यांचा रुंद आणि खोल. म्हणजे नेमून दिलेल्या कामाप्रमाणे माउथपीस, ही पसंतीची पहिली पायरी.

१७९६ साली हायडनने व्हिएन्नाच्या आंटोन वाइडिंगरसाठी ट्रम्पेटचा कॉन्चेर्टो लिहिला, कारण वाइडिंगरने कळा असलेला ट्रम्पेट तयार केला होता. १८१८ साली श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल यांना प्रशियात व्हॉल्व्हचं पेटंट मिळालं. व्हॉल्व्ह आल्यावर एकच माणूस खालपासून वरपर्यंत सगळे सूर वाजवू लागला. मग प्रश्न उभा राहिला. पूर्वी दोन माणसं दोन वेगळ्या माउथपीसवर करायची ते काम आता एकाने एकाच माउथपीसवर करायचं. तडजोड आली. आणि कुठे किती तडजोड करायची हे ज्याने त्याने ठरवायचं. आजची पसंत म्हणतो ती इथे जन्माला आली.

पण एक अडचण होती. एकोणिसाव्या शतकात माउथपीस कारागीर हाताने लेथवर कातत. एकासारखा दुसरा होत नसे. ‘मला हा चांगला वाटतो’ एवढंच वादक म्हणू शके. तो हरवला, पडून चेपला, तर संपलं. तसाच दुसरा आणायचा कुठून? मागायचा तरी कुठल्या नावाने?

ही अडचण ज्याने सोडवली तो व्हिन्सेंट बाख. थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख नव्हे, यांचा त्या घराण्याशी संबंध नाही. मूळ नाव विन्सेंझ श्रोटेनबाख, जन्म १८९० साली व्हिएन्नाजवळच्या बाडेन गावी. शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरचं, ओढ ट्रम्पेटची. पहिलं महायुद्ध सुरू झालं त्या १९१४ साली ते अमेरिकेत गेले आणि बॉस्टनच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात वाजवू लागले. पुढे दौऱ्यावर असताना पिट्सबर्गमध्ये त्यांनी आपला माउथपीस जरा सुधारून घ्यायला एका कारागिराकडे दिला आणि त्याने तो बिघडवून टाकला. दुसरा कोणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता. हे इंजिनिअर होते. १९१८ साली ३०० डॉलरला पायाने चालवायचा लेथ घेऊन न्यू यॉर्कमधल्या सेल्मर कंपनीच्या दुकानात त्यांनी स्वतः माउथपीस कातायला सुरुवात केली. त्याच सुमारास अमेरिकन सैन्यात त्यांनी बँडमास्तरकीही केली, हे आम्हा फौजींनी लक्षात ठेवावं.

बाख यांचं खरं काम कोणतं? त्यांनी मापं पक्की केली आणि त्यांना नावं दिली. आकडा म्हणजे वाटीच्या तोंडाची रुंदी. आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं. अक्षर म्हणजे खोली. ए सर्वांत खोल, सी मधला, ई उथळ. ‘७सी’ म्हटलं की साधारण १६.२० मिलिमीटर. ‘३सी’ म्हणजे १६.३०. दोघांतला फरक एक दशांश मिलिमीटर, वहीच्या एका कागदाच्या जाडीएवढा. आणि ओठाला तो कळतो!

गंमत अशी, की दुसऱ्यांनी आकडे उलटे घेतले. शिकागोचे रेनल्ड शिल्के आणि जपानची यामाहा यांच्याकडे आकडा वाढला की तोंड मोठं होतं. म्हणून दुकानात नुसता आकडा सांगू नका, कंपनीही सांगा. नाहीतर मोठा मागाल आणि लहान घेऊन घरी याल.

यातली खरी गोष्ट मला फार उशिरा उमगली. माप पक्कं होईपर्यंत पसंतीला नाव नव्हतं. एकसारखे हजार माउथपीस निघू लागले तेव्हाच ‘माझा अमुक’ असं म्हणता येऊ लागलं. पण त्याच आकड्याने दुसराही एक मोह तयार केला. नंबर असला की सगळ्यांना एकच नंबर द्यावासा वाटतो.

तो मोह मला झाला.

१९८७ साल. मी तरुण कॅप्टन, उत्तरेतल्या एका छावणीत. इतर कामांबरोबर रेजिमेंटच्या बँडचा ऑफिसर-इन-चार्ज. बँडमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण टर्नआउट कळत होता. बूट, बेल्ट, टोपीचा तुरा, सगळं एकसारखं. एक दिवस सामानाची पाहणी करताना दिसलं, ट्रम्पेटचे माउथपीस मात्र सगळे वेगवेगळे. एकाचा पिवळा पडलेला, एकाचा काठ झिजलेला, एकाने तर दांड्याला कागदाची पट्टी गुंडाळलेली. म्हटलं, हा काय बाजार आहे! नवे, एका मापाचे माउथपीस मागवले. जुने सगळे स्टोअरमध्ये जमा करायचा हुकूम काढला आणि तो फॉल-इनमध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवला.

ती कागदाची पट्टी होती आमच्या सर्वांत जुन्या ट्रम्पेटवाल्याची. हवालदार होते. बिगुलही तेच वाजवत. एकच माउथपीस दोन्हीकडे नीट बसावा म्हणून ते कागद गुंडाळत. फॉल-इन सुटल्यावर ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, “साहब, मेरा पुराना वाला रहने दीजिए. होंठ पर बैठा हुआ है.” मी म्हणालो, “उस्ताद, एक को छूट दूँगा तो सब माँगेंगे. दस दिन में आदत हो जाएगी.” त्यांनी सॅल्यूट केला आणि गेले.

तीन आठवड्यांनी आमचा एक जवान सीमेवर गेला. पार्थिव छावणीत आलं. जानेवारीची सकाळ होती, धुकं होतं. जवानाचे वडील गावाहून आले होते, डोक्यावर पांढरं मुंडासं. पुष्पचक्रं वाहून झाली. ‘शोक शस्त्र’चा हुकूम झाला आणि हवालदारांनी बिगुल उचलला. बिगुलाला कळा नाहीत. पाचच सुरांत सगळी हाक बसवायची. लास्ट पोस्टच्या मधल्या वरच्या सुरावर बिगुल फाटला. ज्यांनी असा फाटलेला सूर त्या शांततेत ऐकलाय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. हवालदार थांबले नाहीत. शेवटचा सूर त्यांनी पूर्ण लांब ठेवला. पण तो एक सूर मागे फिरवता येत नाही.

परेड संपल्यावर ते समोर येऊन उभे राहिले. “साहब, गलती मेरी है.” आणि मी ते मान्य केलं. रियाज वाढवा म्हणालो. आज बोलतानाही हे वाक्य घशात अडकतं.

दोन-तीन दिवसांनी बँडचे सुभेदार साहेब माझ्याकडे आले. जुने, सबुरीचे माणूस. ते म्हणाले, रंगरूट असताना बॉक्सिंगमध्ये हवालदारांचा वरचा ओठ फाटला होता. टाके पडले, व्रण राहिला. जुन्या माउथपीसचं तोंड जरा रुंद होतं, त्यामुळे त्याचा काठ व्रणाच्या बाहेर बसे. नव्याचा काठ नेमका व्रणावर येतो. थंडीत तिथली कातडी ताठरते. तीन आठवडे माणूस दुखऱ्या ओठाने वाजवत होता आणि बोलला नाही, कारण हुकूम होता.

मी स्टोअर उघडायला लावलं. कागदाची पट्टी गुंडाळलेला तो माउथपीस काढला आणि त्यांना माझ्या खोलीत बोलावून दिला. बाकीच्यांनाही ज्याचा त्याचा परत दिला. पण एक गोष्ट राहिली. हुकूम मी सगळ्यांसमोर दिला होता, परत मात्र बंद खोलीत घेतला.

बऱ्याच वर्षांनी, निवृत्तीनंतर, मी हा विषय वाचायला घेतला, तेव्हा ॲडॉल्फ हर्सेथ हे नाव भेटलं. शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राचे प्रमुख ट्रम्पेटवादक, १९४८ पासून २००१ पर्यंत. अर्धं शतक एक खुर्ची! १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना मोटारीचा अपघात झाला. दात गेले, ओठ फाटला. बरे झाल्यावर ते बाखच्या १ नंबरच्या घरातल्या मोठ्या माउथपीसकडे वळले, कारण जखमेच्या जागी लहान काठ सोसवत नव्हता. त्यांचा आवाज एवढा थोर, की अमेरिकेतल्या किती तरी विद्यार्थ्यांनी आणि वादकांनी तसलाच मोठा माउथपीस घेतला. हर्सेथना तो त्यांच्या जखमेने दिला होता. बाकीच्यांनी जखमेविना नुसता नंबर घेतला. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. आमच्या हवालदारांची गोष्ट तीच होती. फक्त त्यांच्यावर पुस्तक लिहिणारं कोणी नव्हतं.

आणखी एक सूर सांगतो. २५ नोव्हेंबर १९६३. आर्लिंग्टनच्या दफनभूमीत राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा अंत्यविधी. अमेरिकन आर्मी बँडचे सार्जंट कीथ क्लार्क कित्येक तास थंडीत उभे होते. त्यांनी ‘टॅप्स’ वाजवलं आणि सहावा सूर फुटला. साऱ्या जगाने टीव्हीवर ते ऐकलं. क्लार्क कच्चे वादक नव्हते, बँडमधले अव्वल होते. अनेकांना तो फुटलेला सूर रडण्यासारखा वाटला. आमच्या जवानाच्या वडिलांनीही जाताना हवालदारांचा हात दोन्ही हातांत धरला होता. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. पण मला त्यातून सुटका नाही, कारण आर्लिंग्टनला थंडी होती आणि इथे थंडीबरोबर माझा हुकूमही होता.

आता आपल्या देशाकडे. पाश्चात्त्य बँडची वाद्यं कंपनी सरकारच्या फौजेबरोबर आली, तशी राजेरजवाड्यांकडेही रुजली. तंजावरच्या सरफोजी राजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या दरबारात युरोपीय वाद्यांचा बँड ठेवला होता. म्हणजे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाचं या वाद्यांशी नातं दोनशे वर्षांचं आहे. स्वातंत्र्यानंतर जनरल करिअप्पांच्या पुढाकाराने १९५० साली पचमढीला लष्करी संगीताचं प्रशिक्षण सुरू झालं. आजही फौजेचे वादक तिथे घडतात.

दुसरी धारा गोव्याची. चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन शिकवत. त्यातून ट्रम्पेटवाले तयार झाले आणि मुंबईला आले. आल्दोनाचे आंतोनियो शावियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, यांना लोक मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ते ताजमध्ये वाजवत. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर त्यांनी काम केलं. १९५१ च्या ‘अलबेला’मधल्या संगीताचा झणझणीतपणा या दोघांच्या मैत्रीतला आहे. खुद्द आर्मस्ट्राँगचे ओठ आयुष्यभर काठाच्या दाबाने सोलवटत राहिले. ओठाचा स्नायू फाटण्याच्या दुखण्याला डॉक्टरांनी पुढे ‘सॅचमो सिंड्रोम’ नाव दिलं. सॅचमो हे त्यांचं टोपणनाव.

त्याच सी. रामचंद्रांनी १९६३ च्या ‘ऐ मेरे वतन के लोगों’ला चाल दिली. २०२२ पासून दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये ‘अबाइड विथ मी’च्या जागी ती धून आली. २९ जानेवारीच्या संध्याकाळी विजय चौकात ती ऐकू आली की मी टीव्हीपुढे उभा राहतो. कॅमेरा जवळ गेला की माझी नजर वाद्यांवर नसते. प्रत्येकाचा काठ ओठावर कुठे बसलाय ते मी पाहतो.

तर बेळगावचे आमचे श्रोते, आता तुमचं उत्तर. वाद्याबरोबर जो माउथपीस आला असेल, बहुधा ७सी किंवा त्याच्या जवळचा, त्यावर मुलीला वर्षभर वाजवू द्या. सुरुवातीला ओठच तयार झालेला नसतो. त्यामुळे दोष ओठाचा की धातूचा हे कळत नाही. नंतर बदलायचाच असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला, रुंदी तरी किंवा खोली तरी. दुकानात पाच मिनिटं फुंकून ठरवू नका. नवा माउथपीस पहिल्या दिवशी नेहमी चांगलाच वाटतो. पंधरा दिवसांनी, थकलेल्या ओठाने काय वाटतं ते विचारा. थंडीत तो मुठीत किंवा खिशात गरम ठेवायला शिकवा. कोणी मोठा वादक अमुक नंबर वापरतो म्हणून घेऊ नका. त्याचे दात, त्याचा ओठ, त्याची जखम आपल्याला माहीत नसते.

आणि तिच्या सरांना एक विनंती. बँडचा गणवेश एकसारखा ठेवा, पावलं एकसारखी ठेवा. माउथपीसबद्दल मात्र मुलीला विचारा. ती ‘दुखतंय’ म्हणाली तर दहा दिवसांत सवय होईल असं म्हणू नका.

आमचे हवालदार ऑनररी नायब सुभेदार होऊन निवृत्त झाले. मग काही वर्षांपूर्वी गेले, असं त्यांच्या मुलाकडून कळलं. त्या दिवशी फॉल-इनमध्ये जे बोलायला हवं होतं ते मी आज इथे, सगळ्यांसमोर बोलतोय. उस्ताद, गलती मेरी थी.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.